माया

नीरजा आहेर गेली त्या दिवशी
दहीपुलाच्या गल्लीत माझं मशीन चालूच होतं.
बातमी चहावाल्या बंटीने आणली,
उद्या नळाला पाणी नाही, हे सांगावं त्या आवाजात:
'ती सिरियलवाली. आपल्या नाशिकची. न जेवता गेली म्हणे.'

न जेवता गेली.
घाईतल्या पाहुण्याबद्दल म्हणतात तसं.

दुपारपर्यंत गल्लीला तिचा आजार पाठ झाला.
साडीवाला म्हणाला, एवढा पैसा, मग जेवायला काय धाड भरली होती?
फॉल-पिकोवाली म्हणाली, आमच्याकडे उलटं असतं बाई,
हसली, आणि बराच वेळ पडलेली सुई शोधत बसली.
मिसळ खाता खाता एकाने डॉक्टरची चूक काढली,
दुसऱ्याने आईची,
आणि पाव मागवले आणखी दोन.
'गालांत पुरणपोळ्या ठेवते का ही' म्हणणाऱ्या पोरांनीच
शालिमारला फ्लेक्स लावला.
फोटो मात्र बारीक झाल्यानंतरचा.
यात छान दिसते, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कॅमेरा आला.
मुलगा नम्र होता. मावशी, तुमच्या वहीत तिची मापं असतील ना,
पहिल्यापासूनची, एकाखाली एक?
तुमचा चेहरा नाही दाखवणार, फक्त आकडे.
मी म्हटलं, वही उंदरांनी खाल्ली.
वही माझ्या पायाशी होती, पायडलला टेकून.

आहे ती वहीत.
गॅदरिंगचा परकर, आठवी ब.
कालिदासला पहिलं नाटक, त्याचं खणाचं पोलकं.
मग प्रत्येक खेपेला तेच ब्लाउज, आत घ्यायला.
मी टेप लावायची, ती श्वास धरायची,
आणि आकडा लिहिता लिहिता मी म्हणायची,
'आता कशी फिटिंगला आलीस!'
दर वेळी.
कुणी विचारलं नव्हतं मला.

शेवटचं आली तेव्हा म्हणाली,
'मावशी, आतली माया कापून टाका. बाहेरून जाणवते.'
म्हटलं, अगं दोन बोटं असू दे, उद्या उसवावं लागलं तर?
'नाही लागणार.'
कात्री माझी होती.

दहाव्याला रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती.
पिंड मांडला.
कावळे होते की, कठड्यावर, टपऱ्यांच्या पत्र्यावर,
पण एक खाली उतरेना.
वडील म्हणाले, धाकटीला सांभाळू.
निर्माता म्हणाला, तुझ्या नावाने पुरस्कार देऊ, दर वर्षी.
पोरं मोबाइल उंच धरून, झूम करून, कावळ्यांच्या चोचींवर.
मागून कुणीतरी ओरडलं,
'अहो, तिला काय आवडायचं? ते ठेवा!'

जिलबी, म्हणाला एक.
चिवडा. द्राक्षं. नाही, साबुदाणावडा, मुलाखतीत म्हणाली होती.
सगळे तिच्या आईकडे बघायला लागले.
आई पाण्याकडे बघत होती.

मला पुढे व्हायचं होतं.
तोंडाशी आलं होतं, की बाई,
यापुढे कुणाचीही माया कापणार नाही.
पण गर्दीत टेप गळ्यातच राहिलेली दिसली मला माझी,
आणि मी ती पदराआड घेतली.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. दर्भाचा कावळा केला, टेकवला.
'शिवला, शिवला,' लोक म्हणाले, हात जोडले, चपला शोधू लागले.
माझ्याच धंद्यातला शब्द.
दोरा नसलेला.

आज एक अकरावीतली आलीय, फेअरवेलची साडी घेऊन.
एकदम फिट हवं, काकू.
टेप लावली तशी तिने पोट आत ओढलं.
सोड श्वास, म्हटलं.
सोडला.
नाही सोडलास.
सोडला ना!

बंटी चहा ठेवून गेला, त्यावर साय धरलीय.
मी टेप ढिली धरून उभी आहे.
आकडा लिहिलेला नाही.