आश्रितांचा रकाना

रीपाचा अर्ज परत आला,
तिसऱ्यांदा.
वर लाल अक्षरात: वय तपासा.

पांगनिरतुंगच्या या कचेरीत
एक प्रिंटर, दोन खुर्च्या,
आणि वादळ उठलं की आभाळातच तुटणारं इंटरनेट.
अठरा वर्षं मी इथे
दुसऱ्यांच्या लेकरांचे अर्ज भरते.
कॉलेजची फी, खोलीचं भाडं,
वर्षाला दोन विमानतिकिटं, पुस्तकं.
बुटांचे पैसे कुणी मागत नाही.
ओटावाच्या थंडीला पोरं हसतात.

रीपाला नर्स व्हायचंय.
इथे नर्सा दक्षिणेतून येतात, सहा आठवडे राहतात,
म्हाताऱ्यांना मोठ्या आवाजात विचारतात, कुठे दुखतं?
इथे दुखतं का?
म्हातारे भुवया उंचावतात.
म्हणजे हो.
नर्स लिहिते: रुग्ण उत्तर देत नाही.

तर अर्ज.
आश्रित किती? एक.
नाव: ऊलायुक.
वय: चार.
नातं: आई.

मी फोन लावला.
पलीकडची मुलगी चांगली होती, नवी असावी.
म्हणाली, आईचं वय मुलीपेक्षा कमी पडलंय.
म्हटलं, हो.
म्हणाली, मग चुकलंय.
म्हटलं, नाही.
मग दोघी जरा वेळ
तारेतली खरखर ऐकत बसलो.

कुठून सुरू करायचं?
ऊलायुक गेली त्या फेब्रुवारीत, खाडी जाड गोठलेली.
एप्रिलात रीपाच्या बहिणीला, मालायाला, मुलगा झाला
आणि त्याला ते नाव दिलं.
नाव दिलं म्हणजे
माणसाला घरात परत घेतलं.
रीपा पहिल्या दिवसापासून त्याला आनाना म्हणते.
आनाना, टोपी घाल.
आनाना, भिंतीवर नको काढूस.
रीपाचे वडील जोआमी त्याला बायको म्हणतात,
आणि भांडतातसुद्धा:
एवढ्या वर्षांनी आलीस, चहा कुठाय माझा?
मालायानं तो पुढे रीपाला दिला,
आमच्यात देतात तसा,
सही-शिक्क्याशिवाय.

मुलगी म्हणाली, पण आमच्या यादीत
मुलगा, मुलगी, इतर, एवढंच आहे.

मीही गेले होते एकदा दक्षिणेला.
तेव्हा अनुदान थोडं होतं, पण होतं.
ऑक्टोबरात परत आले.
अर्जावर कारण लिहिलं: वैयक्तिक.
खरं कारण एवढंच की
त्या शहरात मी फक्त मीच होते.
कुणाची आत्या नाही, कुणाचा थोरला भाऊ नाही,
दुकानात, बसमध्ये, वर्गात
नुसतं माझं नाव, माझ्या एकटीचं,
आणि ते मला पेलवेना.
भाडं भरलेलं होतं जूनपर्यंत.

हे फोनवर बोलले नाही.

रीपा खिडकीशी उभी होती.
विचारलं, मुलगा लिहू का? लवकर सुटेल.
तिनं नाक मुरडलं.
म्हणजे नाही.
मग मी साध्या कागदावर पत्र लिहिलं,
दोन पानी, आधी आमच्या भाषेत, मग त्यांच्या,
आणि खाली टीप:
हा खर्च वाढवून मागत नाही.
एका विद्यार्थिनीबरोबर
तिचं वडीलधारं माणूस जातंय, एवढंच.

मंजुरी एका सोमवारी आली.
नात्यापुढे: इतर.
असो. आकडा बरोबर होता.

ऑगस्टात विमानतळावर गेले होते,
दुसऱ्याच कामाला, टोनरचा खोका आणायला.
बाकावर आई बसली होती,
मांडीवर गोठलेल्या माशांची पेटी,
पाय जमिनीला पुरत नव्हते.
जोआमी लांबून ओरडले, बायको, फोन कर!
आईनं भुवया उंचावल्या.
रीपा गुडघे टेकून
तिच्या बुटांची नाडी बांधत होती.