तीन मिलिमीटर

जुना सेल अठराचा, नवा एकवीसचा.
फरक काडेपेटीतल्या दीड काडीएवढा, बस.
पण चॅसिसमधली खाच म्हणते, नाही.

शर्विली चार सेल घेऊन आली मकरपुऱ्याच्या शेडवर,
दफ्तरात, पायमोज्यांत गुंडाळून,
एकमेकांना टेकू नयेत म्हणून.
"मामा, बसव."
जणू पाहुणे आलेत आणि पाट तेवढे मांडायचेत.

अठ्ठावीस वर्षं कानशीखाली लोखंडच घातलं मी.
कार्बनची पाटी पहिल्यांदा हातात आली:
काळी, हलकी, नखाने वाजवली
तर भाजलेल्या पापडासारखी वाजते.
व्हर्नियरने मोजलं. परत मोजलं.
चहा आला, तो पिऊन परत मोजलं.
आकडा चहाने नरमत नाही.

माझे उस्ताद कासमभाई.
परतताना कानस दाबली की मनगटावर पट्टी बसायची.
"घसेलुं पाछुं नथी आवतुं, दीकरा."
ते आता नाहीत. पट्टी आहे.

मधली बरगडी नऊची होती.
दोन्हीकडून दीड-दीड घेतलं की उरते सहा.
लांबीचे पाच वेगळेच, ते सर्वोच्या जागेतून काढायचे.
पाटी ओल्या फडक्यात धरून घासत राहिलो.
ही धूळ कोरडी उडाली तर कोपरापर्यंत खाज,
आणि छातीत गेली तर काय, ते नीट कोणी सांगत नाही.
कडांना फेविक्विक पाजलं, पापुद्रे सुटू नयेत म्हणून.

मोठा सेल जरा खाली उतरतो,
त्याचं पोट पाटीखालून दिसतं.
जमिनीपासून पाच होतं, आता साडेतीन.
"पोट घासेल," मी म्हणालो.
"वजन खाली तेवढं चांगलं, मामा."
दोघांचंही बरोबर होतं.
अशी भांडणं लांबतात.

डाख लावताना तिने श्वास धरला. मीही.
दोन सेकंद. त्याहून जास्त टेकवलं
तर सेल आतून दुखावतो,
बाहेरून तसाच गुळगुळीत.
यावर काही लिहिता येईल.
लिहीत नाही.

रविवारी मांजलपूरला, बंद थिएटरच्या पार्किंगमध्ये,
खडूच्या रेघा, कापलेल्या पाइपांचे कठडे.
मौलिकची निळी गाडी वळणावर सुरीसारखी.
आमची शंभर ग्रॅम जड,
भाजीची पिशवी एका हातात घेतलेल्या बाईसारखी
बाहेरून, सावकाश वळणारी.
सहाव्या मिनिटाला बाकीच्यांचा आवाज पातळ झाला.
आमचा होता तसाच.
पण आठव्याला शिट्टी झाली
आणि आम्ही तिसरे.

मौलिकने गाडी पिशवीत घातली.
कोणी सेव-उसळ आणायला गेलं.
शर्विलीने थांबवलीच नाही.
फेऱ्या मोजणाऱ्याने खडू खिशात टाकला होता,
तरी नऊ मिनिटं, अकरा, चौदा,
रिकाम्या डांबरावर एकटी गाडी,
दर फेरीला माझ्या चपलेजवळून
त्याच आवाजात.
खांबावरचे दिवे लागले.
मौलिक पिशवी खाली ठेवून बघत उभा राहिला,
काही बोलला नाही.

उचलली तेव्हा सेल गरम होते,
उन्हातल्या गोट्यांसारखे.
उलटी केली. पोटांवर ओरखडे.
म्हणजे माझं बरोबर होतं, पण कुणाला सांगू.
आणि मधल्या बरगडीवर एक केस.
केसच, पांढरा.
तिने त्यावर अंगठा फिरवला.
मी तिचा अंगठा पाहिला.

"सेव-उसळ गार होतेय."
"सहाची साडेसहा करता येईल?"
"नाही."
"मग?"
"मग दुसरी पाटी."

ती हसली नाही, रडली नाही.
हात पुढे केला
आणि माझ्या खिशातला व्हर्नियर मागितला.