तिसरी बाटली

ओमाहा, सहावा मजला. इथे औषधाचा वास नाही,
गोळ्या मोजायची ताटली नाही.
फॅक्स येतात, फॅक्सवर माणसांचे नंबर.
इंटर्नशिपचा पाचवा आठवडा,
निकष पाढ्यांसारखे पाठ:
आधी स्वस्त गोळी, बारा आठवडे,
तिने भागलं नाही तरच महागडं इंजेक्शन.

सकाळी एक अर्ज. वय एकसष्ट,
गाव स्कॉट्सब्लफ, बोटांचे सांधे सुजलेले.
नोंदीत दोनच बाटल्या,
धड नऊ आठवडेही नाहीत.
'नामंजूर करावा', मी लिहिलं.
खाली लोर्नाची सही. मग कॉफी.

दुपारी अपील.
समासात डॉक्टरच्या तिरक्या अक्षरात एक ओळ:
हे पियानो सुरात लावतात.

लोर्ना पियानोबद्दल काही बोलली नाही.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"दुकानाला फोन कर."

पलीकडे फार्मसिस्ट कीबोर्ड बडवत होता.
हो, तिसरी बाटलीही नेलीय त्यांनी.
विम्यावर नाही, रोख.
आठ डॉलर, त्यातली निम्मी नाणी.

रोखीनं जे घेतलं जातं
ते आमच्या पडद्यावर घडतच नाही.

अर्ज मंजूर झाला. चार ओळींचं पत्र,
त्यात सकाळचा उल्लेख नाही.
लोर्ना कोट चढवून घरी गेली.

मी गेल्या चार आठवड्यांची यादी उघडली,
माझ्या शिफारशींची.
पहिलं नाव. दुकान कर्नी गावातलं,
सहाला बंद होतं.
सहाला दहा कमी.
खाली पार्किंगमध्ये कुणीतरी
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतंय,
आणि रिंग वाजतेय.