मराठी बोलणारे तीन

रात्री पावणेदोनला
घणसोलीत, वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर बसून
मी माणूस निवडत होते.
शुल्क, अनुभव, बाई की पुरुष.
भाषेत मराठी टाकली
तेव्हा एकशे चाळीसातले उरले तीन.

विषयांच्या यादीत झोप होती, नवरा होता, व्यसन होतं.
माझं नेमकं काय, ते सापडेना.
शेवटी ‘आत्मसन्मान’वर बोट ठेवलं
आणि लाजले,
बोलावणं नसताना पहिल्या पंगतीत बसल्यासारखी.

नऊशे रुपये, पन्नास मिनिटं.
नणंदेच्या हळदीला
ब्लाउजच्या आरीकामाचे बावीसशे मोजले होते,
हात न थरथरता.
इथे पैसे भरायच्या पानावरून तीनदा मागे आले.

पहिल्या मॅडम म्हणाल्या, रोज आरशात बघून
स्वतःला सांगा, मी छान आहे.
आमचा आरसा बेसिनवर. सकाळी तिथे
मुलगा, सासरे, दाढीचा फेस.
चार दिवस सांगितलं.
पाचव्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं,
कोनाशी बोलतंस?

दुसऱ्या गृहस्थांचं मराठी इतकं शुद्ध
की मी पूर्ण वेळ हो आणि नाही एवढंच बोलले,
‘नाही’तल्या ‘ही’वर जोर देऊन.

तिसरी अकोल्याची. श्यामली खंडारे.
तिच्यासाठी मी खाली पार्किंगमध्ये जाते,
नवऱ्याच्या इकोत, मागच्या सीटवर,
काचा वर, कॅमेरा बंद.
कॅमेऱ्याचं तिने एकदाही विचारलं नाही.

चौथ्या वेळी तिला पाचवीतलं सांगितलं.
बाईंनी उभं केलं होतं, पानी म्हणाले म्हणून.
दहा वेळा म्हण. पाणी.
पा-नी.
पा-नी.
वर्ग हसत होता
आणि मला खरोखर तहान लागली होती.

एवढंच. कुणी मारलं नाही.
तेव्हापासून वाक्य आधी मनात धुते,
मग बोलते. तोवर समोरचा गेलेला असतो.
लॅबमध्ये रोज साठ जणांचं रक्त काढते, ते बरं.
मूठ आवळा. सोडा. कापूस दाबा.
तीन वाक्यं, तिन्ही धुतलेली.
हात हलका आहे माझा,
म्हातारी माणसं नाव विचारत येतात.

नाव विचारत येतात? ती म्हणाली.
हो, पण ते सुईसाठी.
ती गप्प राहिली. मीही.
भिंतीपलीकडे टाकीचा पंप सुरू झाला.

मग म्हणाली, शाळा सुटल्यावर कुठे जायच्या तुम्ही?
खाडीवर. निवट्या पकडाला.
निवट्या म्हणजे?

आणि मी सुटलेच.
चिखलात बील आसतं, वर जरासं पानी,
हात कोपरापर्यंत घालाचा, घाई नाय कराची,
ती आतून बोटाला लागते, गुलगुलीत,
तवा मूठ,
आनि आये तिचं कालवन करं, चिंच टाकून,
आनि माझ्या हाताला दोन दिवस वास…

कॅमेरा चालू होता.
कधी केला, आठवत नाही. बहुतेक
बिळाची खोली हाताने दाखवताना.

तिने त्यातून काही अर्थ काढला नाही.
निवटीची आणि माझी तुलना केली नाही, याचे
मी वेगळे नऊशे दिले असते.
फक्त म्हणाली, वेळ संपला,
कालवण अर्ध्यावर आहे, बुधवारी सांगा.

शेवटी दरवेळी एक प्रश्न येतो:
आज स्वतःबद्दल काय वाटतं, एक ते दहा.
सवयीने तीनवर बोट नेलं.
मग तसंच रिकामं सोडून गाडीला कुलूप लावलं.

लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरच्या बाई होत्या.
म्हणाल्या, उद्या पाणी नाही म्हणे दिवसभर.
हां, मी म्हटलं, पानी नाय उद्या.
त्या मजल्यांचे आकडे बघत राहिल्या.
माझे कान तापले,
चौथ्या मजल्यापर्यंत.
मी सहाव्यावर राहते.