न लिहिलेलं

फैजपूरला, बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत
मी एक चौकोन बनवत होते.
तयार चौकोन पुष्कळ मिळतात,
पण चिनावलच्या काट्यावर केळीचं वजन दाखवायचं
तर आकडा उन्हात वाचता यायला हवा
आणि दांड्याची कपात त्यानं आपली आपण करावी,
असं पुंडलिक फिरके म्हणाले. काटे त्यांचे.

चौकोनाला प्रॉपर्टी असतात.
(आमच्याकडे हा शब्द उच्चारला की आधी सातबारा आठवतो.)
रंग, उंची, एकक, कपात.
आणि प्रत्येकीला एक डिफॉल्ट,
म्हणजे कोणी काहीच बोललं नाही तर काय धरायचं.
खालचा चहावाला सुपडू असाच:
गप्प बसलात तर दोन चमचे साखर,
बिनसाखरेचा हवा त्यानंच तोंड उघडायचं.

एक गोष्ट मला उशिरा कळली.
प्रॉपर्टीच्या डोक्यावर 'डिफॉल्ट शून्य' अशी पाटी लावली
म्हणून आत शून्य बसत नाही.
पाटी एवढंच सांगते,
की शून्य असेल तर लिहून ठेवू नका.
खरा आकडा बसवायचा तो कन्स्ट्रक्टरमध्ये,
चौकोन जन्मतो त्या ओळीत,
वेगळा, आपल्या हातानं.

पाटीशी जुळतं ते फॉर्म लिहीतच नाही.
जुळत नाही ते यादीत ठळक होतं.
यादी मी वरून खाली पाहते
आणि ठळक तेवढंच वाचते.

एप्रिलमध्ये फिरके म्हणाले, कपात दोन टक्के धरा.
पाटी बदलली, जन्माची ओळ बदलली,
दोन ठिकाणी दोन. चहा निवायच्या आत काम झालं.
नवं व्हर्जन अकरा काट्यांवर चढलं,
आणि जुने फॉर्म,
ज्यांनी शून्य कधी लिहिलंच नव्हतं,
शून्यच होतं म्हणून,
रातोरात दोनवर गेले.
कुठे एक अक्षर ठळक झालं नाही.

हमालीच्या पावतीवरही तोच चौकोन होता.
माझ्या ध्यानात नव्हतं.

ध्यानात आलं सुगराबाई तडवीच्या.
बागेतून ट्रकपर्यंत, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड,
क्विंटलवर पैसे.
सव्वा महिना ती केळीच्या सोपटाला गाठी मारत होती,
पन्नास घडांना एक.
भर दुपारी जिना चढून आली,
सोपट टेबलावर ठेवलं, माऊसशेजारी.
"दांडा आमीबी उचलतो ना बाई,
तो काय हवेत चालू राह्यला?"

मी यादी उघडून दाखवली.
ती बराच वेळ पडद्याकडे पाहत होती.
कुठेच काही नव्हतं,
आणि नव्हतं म्हणूनच झालं,
हे मला तिला सांगता येईना.
पावतीवर तीही नव्हती.
'मुकादम रुबाब तडवी व इतर'.
'व इतर' हे डिफॉल्टही माझंच.

रात्री वीज गेली, कूलर थांबला,
लॅपटॉपमध्ये चाळीस टक्के जीव.
शून्य परत ठेवावं, सरळ होतं.
उद्या कोणी पुन्हा पाटी बदलेल, मीच कदाचित.
म्हणून कपात रिकामी ठेवली.
शून्य नव्हे. रिकामी.
आणि एक ओळ घातली, की भरल्याशिवाय
पावती छापायची नाही.
नावाच्या रकान्यालाही तीच.

सकाळी फिरक्यांचा फोन.
"पोरी, दर गाडीला एक कळ वाढली की वं!"
वाढली, म्हटलं.
मग फरकाचा आकडा सांगितला, दोनशे ब्याऐंशी रुपये.
"एवढ्यासाठी?" म्हणाले, आणि दिले,
पावती मागून.

पावतीनं नाव विचारलं.
मी सुगराबाईंना फोन लावला,
कारण त्यांचं पूर्ण नाव
मला माहीतच नव्हतं.