डावी गाठ

महापूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी
चिखलीच्या उसात सापडलं जाळं,
गाळानं जड, निम्मं पाचटात गुंतलेलं.
तिघं म्हणाले, आमचंच.

कोंडाआत्तीनं चष्मा नाही लावला.
डोळे मिटून अंगठ्यानं चाचपत गेली
एकेक गाठ.
"डावखुऱ्याची हाय. दोन बोटांचं घर,
तिसरं नुसतं टेकवायचं.
आमच्या केरबाची."

केरबा उंबऱ्यात बसायचा,
दोऱ्याचा शेव पायाच्या अंगठ्यात अडकवून.
बांबूची सुई आत, बाहेर;
रेडिओवर गुळाचे भाव.
अंगठ्याला वळ पडलेला, तो
तिरडीवरही दिसत होता.

लक्ष्मीपुरीत आता जाळं किलोवर मिळतं.
घरं सगळी सारखी, गाठ कुणाचीच नाही.

कुणी काही बोललं नाही मग.
तिघांतला एक जाऊन नळ सोडून आला.
गाळ निघता निघेना. शेवटी
शिसाच्या गोळ्यांपाशी एक वाळकी चिलापी,
आणि लहान पोराची निळी चप्पल, एकच.

चप्पल तिनं कट्ट्यावर उन्हात ठेवली,
कुणी विचारत आलं तर.
मग सुईत दोरा भरून घेतला
आणि फाटल्या जागेच्या दोन घरं अलीकडून
सुरू केलं.
इथून पुढं
गाठ उजवी.