दोन फूट

कुंपण माझं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.
बत्तीस वर्षं मी ते छाटलंय, दर जूनमध्ये, शिडीवर चढून,
आणि पलीकडून इडवल ओरडायचा,
डावीकडे उतरलंय रे, ग्विलिम!
उतरलेलं कधीच नसायचं.

तो गेल्यानंतरच्या दुसऱ्या मार्चमध्ये
ग्लेनिसने परसातल्या शेडचं दार उघडलं.
उघडलं म्हणजे काय, बिजागऱ्या गंजून गेल्या होत्या,
तिने ते उचललं आणि बाजूला ठेवलं
पातेल्यावरचं झाकण ठेवावं तसं.

तीन दिवस सामान बाहेर येत राहिलं.
शर्यतीच्या कबुतरांचे पिंजरे, त्यांच्या पायांतल्या कड्या,
फुटलेली घमेली, अर्धी सायकल,
कॉफीच्या एकोणीस बरण्या,
प्रत्येकीत वेगळ्या मापाचे खिळे
आणि प्रत्येकीवर त्याच्या हातची एकच चिठ्ठी:
लागेल.
एवढा भविष्यकाळ गवतावर मांडलेला
मी आजवर पाहिला नव्हता.

उचलून न्यायला ट्रक सकाळी येणार होता.
रात्री मी कुत्र्याला फिरवायला बाहेर पडलो.
(कुत्रा मेला त्याला चार वर्षं झाली.)
एक बरणी कोटाच्या खिशात बरोब्बर मावते.

मग भिंतींत मेंढीची लोकर ठासली,
तिच्यावर प्लायवूड, त्यावर पांढऱ्याचे तीन हात.
नातू रीस विजेची वायर ओढायला आला
आणि माझ्या टेलिफोनची तोडून गेला.
शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं
कस्टर्ड ढवळलेली ही बाई,
तिने जमिनीवरचं कबुतरांचं सगळं
गुडघ्यांवर बसून खरवडलं,
आणि एके दिवशी माझ्या दारात उभी, हातात केकचा डबा.

उत्तरेचा उजेड हवाय, म्हणाली.
तो कसला?
जो दिवसभर जागचा हलत नाही.
उत्तरेला तर माझं कुंपण आहे.
म्हणूनच केक.

किती?
दोन फूट.

माणूस कुंपण कशासाठी वाढवतो
हे त्याला कुणी विचारू नये.
मी सिंकपाशी उभ्याउभ्याच जेवतो, डब्यातनंच.
मार्गेड कार्डिफला बहिणीकडे राहायला गेल्यापासून
टेबल पुसलेलंच असतं.

छाटलं. पाऊस भुरभुरत होता, तरी छाटलं.
फांद्या पडत गेल्या आणि मागे आधी तिची नवी खिडकी दिसली,
मग ती,
मग तिला मी.
तिने ब्रश हलवला.
मी एक धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.

सहा आठवडे तिचा कागद कोरा होता.
मला माहीत आहे, कारण आता दिसतं.
खुर्चीत बसायची, कोट न काढता,
नळ्यांची टोपणं उघडायची, पुन्हा लावायची.
एकदा वाटलं, जाऊन सांगावं,
कशानेही सुरुवात कर, रताळ्याने कर.
गेलो नाही.
पण संध्याकाळी दिवा जरा लवकर लावू लागलो,
आणि टेबलाशी बसू लागलो, ताट घेऊन. माणसासारखा.

ऑक्टोबरमध्ये ती आली, वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून.
मला वाटलं, डोंगर असणार,
खाणीच्या ढिगाऱ्यासकट, सगळेच काढतात.
किंवा, देव न करो, सिंकपाशी मी.

निघालं कुंपण.
पूर्वीचं, पुऱ्या उंचीचं,
हिरवा इतका दाट की पलीकडे कुणी राहतं की नाही कळू नये,
आणि वरची कड
डावीकडे
चांगली चार बोटं उतरलेली.

असं तिरकं कधीच नव्हतं, मी म्हणालो.
तुझ्या बाजूने नसेल, ती म्हणाली.

चित्र टांगायला खिळा हवा होता.
मी फळीवरची बरणी काढली आणि मग आठवलं,
पण तोवर तिची नजर चिठ्ठीवर गेली होती.
ती काही बोलली नाही.
दोन इंची निवडून माझ्या हातात दिला,
मी ठोकेपर्यंत चौकट धरून उभी राहिली,
आणि निघताना
केकचा डबा परत मागितला.